‘करलं’ म्हणाली तर ‘करलं’च लिहा

आमची थोरली अडीच वर्षांची असताना माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला. आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं. एका हातात नळी, दुसऱ्या हातात फोनचा टॉर्च, आणि फोन सुटला. दुरुस्तीला दिला, पण तो पुन्हा सुरू झाला नाही. फोन गेल्याचं वाईट आठवडाभर वाटलं. पण त्या फोनमध्ये मुलीच्या बोलण्याच्या सव्वा वर्षाच्या नोंदी होत्या, आणि त्यांची दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. त्या रात्री मी आठवून आठवून लिहायला बसले. सतरा शब्द आठवले. पहिला शब्द कुठला ते आठवलं, पण कुठल्या दिवशी ते नाही. चिमणीला ती काहीतरी वेगळंच म्हणायची आणि सगळं घर हसायचं. तो शब्द मला आजतागायत आठवलेला नाही. नवऱ्यालाही नाही, सासूबाईंनाही नाही.

मी बँकेत कॅश काउंटरवर बसते. संध्याकाळी पैशापर्यंत हिशोब जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही आमची शिस्त. दुसऱ्या दिवशी स्टेशनला जाताना डोंबिवलीच्या फडके रोडवर दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि तीच शिस्त घरात लावली. आता थोरली सव्वासहा वर्षांची आहे, धाकटा तीन वर्षांचा, आणि चौथी वही चालू आहे. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, नोकरी आहे, स्वयंपाक आहे आणि वेळ मुळीच नाही, त्यांच्यासाठी मी हे कसं करते ते लिहिते आहे.

वही कुठे ठेवायची, पेन कुठलं

वही फ्रिजवर. कपाटात ठेवली तर महिन्याभरात बंद पडते. फ्रिजवर मुलांचा हात पोचत नाही, मोठ्यांचा पोचतो, आणि घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून दहा वेळा फ्रिजपाशी येतं. पेन वहीला दोरीने बांधलेलं. आमच्या काउंटरवरच्या पेनालाही दोरी असते, आणि ती का असते ते लहान मुलांच्या घरात लगेच कळतं. पेन साधं बॉलपेन घ्या. जेल पेनची शाई ओल्या हाताने पसरते, आणि स्वयंपाकघरात हात कायम ओले असतात. माझ्या पहिल्या वहीतली तीन पानं अशी गेली आहेत.

पर्समध्ये एक छोटं पॅड असतं. लोकलमध्ये, रिक्षात, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर काही आठवलं की त्यात लिहायचं. ती चिठ्ठी घरी आल्यावर वहीत जशीच्या तशी चिकटवायची, उतरवून काढायची नाही. उतरवताना आपण वाक्य सुधारतो, आणि सुधारलेलं वाक्य मुलाचं राहत नाही. चिकटवायला डिंक वापरा. सेलोटेप दोन पावसाळ्यांत पिवळी पडून सुटते. स्टेपलरची पिन गंजते आणि कागदावर तपकिरी डाग पडतो. नोटांच्या पाकिटांना पिना मारणं रिझर्व्ह बँकेनं बंद करायला लावलं ते उगीच नाही. पिनेनं कागदाचं काय होतं ते मी रोज पाहते.

अजून एक बँकेतलीच गोष्ट. एटीएमची पावती काही महिन्यांत कोरी होते, कारण तो कागद उष्णतेनं काळा होणारा असतो, त्यावर शाई नसतेच. सोनोग्राफीचे छोटे काळे-करडे प्रिंट बहुधा तसल्याच कागदावर असतात. ते फाइलमध्ये जपून ठेवले तरी फिके पडत जातात. आजच त्यांची साध्या कागदावर झेरॉक्स काढा आणि फोटोही घेऊन ठेवा. थोरलीच्या वेळचा आमचा एक प्रिंट आता निव्वळ राखाडी कागद आहे.

फोनमध्ये का नको, असं मैत्रिणी विचारतात. बादलीचं कारण तर आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. मूल म्हणालं ‘करलं’, की फोन ते ‘केलं’ करून टाकतो. बोलून टाइप केलं तरी तेच. आपल्याला जपायचं असतं ते नेमकं ‘करलं’. आवाज जरूर रेकॉर्ड करा, त्याला तोड नाही, पण प्रत्येक फाइलला तारखेचं नाव द्या आणि महिन्यातून एकदा दुसरीकडे प्रत काढा. आणि लिहाच. दोनशे रेकॉर्डिंग साठली की ती कुणीही ऐकत बसत नाही. वही मात्र कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्येही चाळता येते.

नोंद कशी करायची

आधी तारीख. मग मुलाचं वय, वर्षं आणि महिने. मग कुठे आणि कोण होतं. मग, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या आधी काय झालं. आणि शेवटी मुलाचे शब्द, जसेच्या तसे.

‘आधी काय झालं’ हे मी पहिलं वर्षभर लिहीत नव्हते. पहिल्या वहीत एका पानावर एवढंच आहे: “तो मासा नाही, ती खिडकी.” खाली मी तीन उद्गारचिन्हं काढली आहेत, म्हणजे त्या दिवशी मला ते फारच आवडलं असणार. आता आमच्यापैकी कुणालाही त्याचा अर्थ लागत नाही. मासा कुठला, खिडकी कुठली? आणखी एक ओळ लिहिली असती तर तो क्षण हाती राहिला असता.

चांगली झालेली एक नोंद देते.

“३ ऑगस्ट २०२४, शनिवार. थोरली ४ वर्षं ९ महिने. दुपारी सासूबाई पोथी वाचत मांडी घालून बसल्या होत्या. उठताना म्हणाल्या, ‘आई गं, पायाला मुंग्या आल्या.’ ही धावत गेली, खाली वाकून पाय बघितला, मग दुसरा बघितला. मग विचारलं, ‘आजी, पायावर साखर सांडली होती का?’ आजी म्हणाल्या नाही. मग: ‘मग त्या परत गेल्या वाटतं.’”

चार-पाच ओळी, दोन मिनिटं. आपण सगळे जन्मभर ‘मुंग्या आल्या’ म्हणतो आणि एकदाही मुंगी दिसत नाही. तिला दिसली. त्यात ‘गोड’, ‘निरागस’ असलं काही मी लिहिलेलं नाही, आणि तुम्हीही लिहू नका. ती विशेषणं आपली असतात. तिने दुसराही पाय बघितला, हे मात्र तिचं.

नोंद त्याच दिवशी करा. सोमवारचं बुधवारी आठवलं तर बुधवारची तारीख टाका आणि ‘सोमवारची गोष्ट’ असं लिहा, मागची तारीख टाकू नका. चुकलं तर एक आडवी रेघ मारून वर लिहा, गिरगटून काढू नका. मागच्या तारखेचा आणि खाडाखोडीचा कागद काउंटरवर आम्ही घेत नाही. घरीही त्याचं कारण तेच आहे: पुढे कधीतरी त्या कागदावर कुणाला तरी विश्वास ठेवायचा असतो.

चार्ल्स डार्विनने हेच केलं होतं. त्याचा थोरला मुलगा १८३९ साली जन्मला, आणि तो कधी दचकला, कधी हसला, कशाला घाबरला, राग कसा दाखवला, याची डायरी डार्विनने ठेवली. ती उघडून त्यावर एक छोटा लेख त्याने छापला तो १८७७ साली. लेखाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की ही ३७ वर्षांपूर्वीची डायरी आहे, आणि जे दिसलं ते मी लगेच लिहीत गेलो. एवढ्या वर्षांनी त्याला त्या पानांवर भरवसा ठेवता आला तो त्या ‘लगेच’मुळे. मला लेख छापायचा नाही. पण सदतीस वर्षांनी थोरली त्रेचाळीसची असेल. तेव्हा तिला ही पानं हवीशी वाटतील, असं मला मनापासून वाटतं.

चुका दुरुस्त करू नका

थोरली दोन वर्षं सात महिन्यांची असताना वहीत आहे: “बाबा गेला.” अगदी बरोबर. दोन वर्षं अकरा महिन्यांच्या नोंदीत आहे: “बाबा जाला.” पुढे ‘येला’, ‘मी करलं’, ‘आजीने देलं’, ‘मी घेलं’ यांची रांगच लागली. सासूबाई काळजीत पडल्या, की चांगलं बोलणारी पोर बिघडली कशी. मलाही धाकधूक वाटली. मग एका रात्री मी मागची पानं एका बैठकीत वाचली आणि उलगडा झाला. बस, बसला. पड, पडला. रड, रडला. उठ, उठला. हे तिने कुणीही न शिकवता हेरलं होतं, आणि आता ती तोच नियम सगळीकडे लावत होती. जा, जाला. ये, येला. आधीचं ‘गेला’ तिने नुसतं ऐकून उचललेलं होतं. ‘जाला’ तिने स्वतः घडवलेलं होतं. म्हणजे पोर पुढे चालली होती. चूक असलीच तर आपल्या भाषेची, जिने ‘जा’चं ‘गेला’ करून ठेवलं. तीन वर्षं आठ महिन्यांच्या एका नोंदीत एकाच वाक्यात दोन्ही आहेत: “काका जाला, मग काकू गेली.” त्यानंतर ‘जाला’ पुन्हा कुठेच नाही.

मी त्या वेळी ‘जाला’ ऐकून वहीत ‘गेला’ लिहिलं असतं, तर यातलं काहीच मला दिसलं नसतं. म्हणून सांगते, ‘करलं’ म्हणाली तर ‘करलं’च लिहा.

उच्चारांचंही तसंच. धाकटा काकाला ‘ताता’ म्हणायचा, गाडीला ‘दाडी’, रिक्षाला अजूनही ‘लिक्षा’ म्हणतो. आपल्या देवनागरीत ऐकू आलं ते लिहिता येतं, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. त्याच्यासमोर मात्र आपण नीट ‘रिक्षा’ म्हणा. बोबडं आपण बोलायचं नाही, फक्त लिहून ठेवायचं. वेळेचे शब्दही टिपत राहा. धाकट्याच्या तोंडी सध्या होऊन गेलेलं सगळं ‘काल’ आहे, मग ते सकाळचं असो की मागच्या दिवाळीचं. परवा जुना फोटो बघून म्हणाला, “उद्या मी छोटा होतो.”

सासूबाई कराडकडच्या. त्यांचे शब्दही या वहीत येतात, कारण मुलं दिवसभर त्यांच्याजवळ असतात. धाकटा मला ‘आई, इकडे ये’ म्हणतो आणि आजीला ‘हिकडं ये’. कुणाशी कसं बोलायचं ते तीन वर्षांच्या पोराला कळतं. शाळेत गेल्यावर हे ‘हिकडं’ टिकेल की नाही, माहीत नाही. म्हणून तेही लिहून ठेवते.

वेळ कुठून काढायचा

माझा दिवस सांगते म्हणजे अंदाज येईल. साडेपाचला पाणी. सहाला कणीक, दोन डबे. सात-दहाला थोरलीचे रिक्षाकाका. धाकट्याला उठवून, दूध देऊन आठला मी बाहेर. ठाण्यापर्यंत स्लो लोकल, मुद्दाम स्लो, कारण उभं राहायला तरी नीट मिळतं. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. आमच्या डब्यात कुणी भाजी निवडतं, कुणी पोथी वाचतं, मी पॅड काढते. सकाळच्या गडबडीत मुलं जे बोललेली असतात ते डोंबिवली सोडताना आठवत असतं, आणि ठाणे येईपर्यंत दहा विचारांखाली गाडलं जाणार असतं. म्हणून तिथेच लिहायचं.

रोज लिहायचा हट्ट मी सोडला आहे. आठवड्यात तीन-चार नोंदी होतात, कधी एकच. नवऱ्याची दुसरी पाळी असली की घरी यायला रात्रीचे बारा होतात. पण रविवारी तो एक पान लिहितो, आणि त्याची पानं माझ्यापेक्षा वेगळी असतात. मी बोलणं टिपते. तो मुलं हाताने काय करतात ते टिपतो, झाकणं कशी फिरवली, ठोकळे किती रचले. घरातल्या दोन-तीन माणसांनी एकाच वहीत लिहावं. अक्षरावरून कळतंच कुणाचं ते.

मुलांना काय विचारायचं

“आज शाळेत काय केलं?” याचं उत्तर “काही नाही” हेच येतं. नेमकं विचारा. आज डबा कुणाबरोबर खाल्ला? बाई कुणाला रागावल्या? कुणाची पेन्सिल हरवली? रिक्षात खिडकीशी कोण बसलं? आणि समोरासमोर बसवून विचारू नका. आमची थोरली शनिवारी रात्री डोक्याला तेल लावताना सगळं सांगते. तिची पाठ माझ्याकडे असते, माझे हात तिच्या केसांत. आठवडाभराची भांडणं त्या पंधरा मिनिटांत बाहेर येतात. हात तेलाचे असल्यामुळे लगेच लिहिता येत नाही, हेही एका अर्थी बरंच. मी नीट ऐकते.

धाकट्याचं सासूबाईंना विचारावं लागतं. आधी मी विचारायचे, “त्रास नाही ना दिला?” त्या म्हणायच्या, “न्हाई, लई शाना हाय.” नोंद काय करणार? मग मी विचारायला लागले, “आज कशावरून रडला?” एका मंगळवारी त्या म्हणाल्या, “अगं, चार वाजता लई रडलं लेकरू. दोरीवरनं तुझा गाऊन वढला आन् त्यो धरून कोपऱ्यात बसलं व्हतं. मग तसंच झोपलं.” हे मला कुणी आपणहून सांगितलं नसतं. त्या दिवसापासून जाताना मी माझी एक जुनी ओढणी त्याच्या उशाशी ठेवते.

दुखणं-खुपणं

वहीची मागची पन्नास पानं उलट्या बाजूने सुरू होतात, ती तब्येतीची. भावनेनं लिहायचं ते पुढून, कामाचं मागून.

ताप आला की एक कागद फ्रिजच्या दारावर लागतो. रकाने पाच: वेळ, ताप किती, औषध, किती मिली, कोणी दिलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी निघताना औषध दिलं, सासूबाईंना वाटलं राहिलं, त्यांनी अर्ध्या तासात पुन्हा दिलं, असं होऊ शकतं. आमच्याकडे एकदा होता होता वाचलं. औषधाच्या रकान्यात बाटलीवरचा आकडासुद्धा लिहा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं येतं, आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचंही येतं. नुसतं ‘एक झाकण दिलं’ याला काही अर्थ नाही, बाटली बदलली की दुप्पट औषध जाईल. किती द्यायचं ते डॉक्टर मुलाच्या वजनावरून सांगतात, तेव्हा ते बाटलीसकट लिहून घ्या. थोरलीचं वजन आणि धाकट्याचं वजन वेगळं, म्हणून एकाचा डोस दुसऱ्याला नको.

गेल्या जुलैत धाकट्याला ताप होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ताप किती दिवस, कधी चढतो, लघवीला किती वेळा जातो? रात्रभर जागलेल्या आईला हे धड आठवत नाही. मी कागद पुढे केला. रोज संध्याकाळी पाचनंतर चढत होता, दुसऱ्या दिवशी शू चारच वेळा झाली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि लगेच रक्त तपासायला सांगितलं. पुढे तो बरा झाला. पण त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं, की मी काही विसरलेले नाही.

याच मागच्या पानांवर मी पुढच्या तारखा लिहून ठेवते. लसीचं कार्ड दीड-दोन वर्षांनंतर कपाटात जातं आणि विसरलं जातं. सरकारी वेळापत्रकात ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) आणखी एक बूस्टर असतो, तो अनेक घरांत राहून जातो. लहानपणी बोटांचे ठसे न घेता काढलेलं आधार पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ठसे देऊन अद्ययावत करावं लागतं. शाळाप्रवेशाच्या धावपळीत ते आठवत नाही. वही आठवण देते.

वाईट दिवससुद्धा लिहा

पहिल्या दोन वह्या चाळल्या तर वाटेल आमच्या घरी कुणी कधी ओरडलंच नाही. ते खरं नाही. तिसऱ्या वहीपासून मी तेही लिहायला लागले. “आज मी थोरलीला धपाटा घातला. दूध सांडलं म्हणून. दूध तिच्या हातून सांडलं नव्हतं, मांजर आली होती.” हे लिहिताना हात जड झाला. पण लिहिल्यावर मी तिच्याजवळ जाऊन, तिचं नाव घेऊन, “माझं चुकलं” असं म्हणू शकले. तोवर मी तिला नुसती जवळ घेऊन चॉकलेट देत होते.

असं दोन महिने लिहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. आमच्या घरातलं रडणं आणि ओरडणं, जवळपास सगळं, संध्याकाळी पावणेसात ते साडेसात यात होतं. मी घरी पोचते तो वेळ. मी पर्स ठेवून थेट ओट्याशी जायचे. मुलं भुकेली असायची, मी थकलेली असायचे, आणि दिवसभर न दिसलेल्या आईची पाठ तेवढी त्यांना दिसायची. आता आल्यावर पहिली वीस मिनिटं मी जमिनीवर बसते. मुरमुऱ्यांची वाटी मध्ये, दोघं मांडीवर नाहीतर खांद्यावर, फोन पर्समध्ये. भात वीस मिनिटं उशिरा लागतो. रडणं संपलं असं नाही, पण निम्म्याहून कमी झालं. हे कुणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. माझ्याच अक्षरात, ओळीने वेळा लिहिलेल्या दिसल्या म्हणून पटलं.

वही कुणाची

आमच्याकडे लहान मुलाचं खातं उघडतात तेव्हा मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहितात. अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अजून सज्ञान न झालेलं मूल. म्हणजे पैसे मुलाचे, सही आईची किंवा वडिलांची, तीही मूल मोठं होईपर्यंत. हे मी वर्षानुवर्षं फॉर्मवर बघत होते. त्याचा अर्थ मला गेल्या वर्षीच्या संक्रांतीला कळला.

हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, वाच की तुझी वही. मी वाचली. मुंग्यांची गोष्ट वाचली, सगळ्या हसल्या. मग थोरलीने शाळेत चड्डीत शू केली होती आणि बाईंना काय कारण सांगितलं, तेही वाचलं. सगळ्या आणखी हसल्या. ती दाराशी तिळगुळाची वाटी घेऊन उभी होती. सव्वापाच वर्षांची. वाटी खाली ठेवून आत गेली. रात्री झोपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दिवा मालवल्यावर म्हणाली, “माझं तू लोकांना सांगू नको.”

ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही. आत्ता इथे लिहिते आहे ते तिला विचारून. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे. थोरलीबद्दलचं काहीही बाहेर सांगायचं, मग ते मावशीला फोनवर का असेना, तर आधी तिला विचारायचं. ती नाही म्हणाली तर नाही. महिन्याच्या शेवटी मी तिला तिची पानं वाचून दाखवते. तिला आवडलेल्या पानावर ती चिमणी काढते. नको असलेलं पान दुमडून आम्ही डिंकाने बंद करतो. आतापर्यंत तीन पानं बंद आहेत, आणि ती मी उघडलेली नाहीत.

नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकताना मी आता झूम करून बघते. गळ्यातलं ओळखपत्र, शर्टावरचं शाळेचं नाव, मागे इमारतीची पाटी यातलं काही दिसत असेल तर तो फोटो टाकत नाही. अंघोळीचे, रडण्याचे, आजारपणातले फोटो अजिबात नाहीत. ग्रुपवर साठ माणसं आहेत. ती आपली असली तरी त्यांचे फोन कुणाकुणाच्या हातात असतात, आपल्याला काय ठाऊक? वहीतही मी मुलांची नावं लिहीत नाही, थोरली आणि धाकटा एवढंच.

दहा वर्षांवरच्या मुलाला बँक ठरवून देते त्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. मी तेच धरून चालले आहे. दहाची झाली की थोरलीच्या वह्या तिच्या हातात. पुढे लिहायचं की नाही, कुणाला दाखवायचं की फाडायचं, ते तिने ठरवायचं.

पण तिने तोवर थांबायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. पहिलीत गेल्यापासून जोडाक्षरं सोडली तर बरंच लिहिते. गेल्या गुरुवारी धाकट्याच्या हातून दुधाचा पेला पडला. तो एकदम म्हणाला, “मी नाही सांडलं, ते पडलं!” मी फडकं आणायला वळले तर थोरली स्टूल ओढून फ्रिजपाशी गेलेली. वही काढली, जमिनीवर पसरली, दोरीचं पेन धरलं आणि लिहिलं: “भाऊ मनाला मी नाही सानडल ते पडल.” मी काही दुरुस्त केलं नाही. तिने ओळ पुन्हा वाचली, वर जागा मोकळी आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “आई, आज तारीख किती?”